चौथ्या तासाचा तिसरा आवाज

१

सकाळी साडेआठला नाझिब्रोला शाळेचं मोठं दार उघडायची, आपल्या गडद निळ्या गणवेशाची बटणं लावायची, किटली चढवायची आणि पडद्यासमोर बसायची. अकरा वर्षं हाच नेम. ती शाळेची मांदातुरी होती, म्हणजे पहारेकरीण. आमच्या गुरिया प्रांतातली पोरं मांदातुरीला पोलीस समजत नाहीत आणि शिक्षिकाही समजत नाहीत. दोघांपेक्षा तिला कमी भितात आणि जास्त सांगतात. कोणाच्या दप्तरात सिगारेट आहे, कोणाचं मन कोणावर बसलंय, हे मुख्याध्यापकांच्या कितीतरी आधी नाझिब्रोलाला ठाऊक असायचं.

तिची खोली दाराला लागूनच होती. पूर्वी तिथं पोरांचे कोट टांगायचे. भिंतीतल्या खुंट्या अजून तशाच होत्या. पडद्यावर सोळा चौकटी: फाटक, अंगण, व्यायामशाळेची मागची बाजू, जिने, तिन्ही मजल्यांचे कॉरिडॉर. जानेवारीपासून प्रत्येक चौकटीखाली एक हिरवी पट्टी दिसायला लागली होती, कारण कॅमेऱ्यांशेजारी आता माईक बसले होते. कोणी बोललं की पट्टी जराशी लांबायची. किंचाळी आली, काच फुटली, तर लाल होऊन घंटी वाजायची. एखाद्या चौकटीवर बोट ठेवलं की तिथला आवाज हेडफोनमध्ये यायचा.

हे माईक तिनं स्वतःच मागून घेतले होते. गेल्या ऑक्टोबरात व्यायामशाळेच्या मागं दहावीतल्या दोघांची जुंपली होती. ती पडद्यावर बघत होती. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडलेली दिसत होती, आणि आम्ही गुरियातले लोक प्रेमानं भेटलो तरी असेच गळ्यात पडतो आणि रागानं भिडलो तरी असेच. तिला वाटलं, झाला समेट. मग एक पोरगा मटकन खाली बसला आणि त्याच्या शर्टावर डाग पसरत गेला. सात टाके पडले, पोरगा वाचला. पण नाझिब्रोलाला ते फार लागलं. ती मुख्याध्यापक अव्तांदिल यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, नुसतं बघून काही कळत नाही, मला ऐकू यायला हवं होतं.

माईक आल्यावर शिक्षिकांनी कॉरिडॉरमध्ये गप्पा मारणं सोडलं. आता सगळी कुजबुज बाथरूममध्ये चालायची, कारण तिथं माईक लावायला कायद्यानं बंदी होती. चहाच्या सुट्टीत तिथं रांग लागायची.

आणि शाळेत बाया होती. नाझिब्रोलाची नात, वय वर्षं आठ, तिसरीत. बायाची आई पाच वर्षांपासून इटलीत एका म्हातारीची देखभाल करत होती. जाताना विमानतळावर ती एवढंच म्हणाली होती, की आई, माझं पोर नजरेआड होऊ देऊ नकोस. नाझिब्रोलानं ते अगदी शब्दशः घेतलं. बायाचा वर्ग पहिल्या मजल्यावर, चौकट क्रमांक पाचमध्ये होता, आणि त्या चौकटीकडे ती दिवसातून किती वेळा बघायची याचा हिशेब नाही.

२

मार्चमधल्या एका मंगळवारी, चौथ्या तासाला, नऊ नंबरची पट्टी हलली.

चौथा तास म्हणजे पावणेबारा ते साडेबारा. सगळी पोरं वर्गात आणि कॉरिडॉर रिकामे असतात. नऊ नंबरचा कॅमेरा दुसऱ्या मजल्याच्या पूर्वेच्या टोकाला होता. तो भाग दोन वर्षं बंदच होता. छत गळायचं, म्हणून वर्ग खाली हलवले होते. तिथं शेवटी गायनाची खोली होती, कुलूपबंद. कॅमेऱ्यात तिच्या दाराचा निम्मा भाग यायचा, बाकीचं दार कॅमेऱ्याच्या पोटाखाली राहायचं.

नाझिब्रोलाला वाटलं, खिडकी उघडी राहिली असेल, वारा असेल. तिनं बोट ठेवलं. हेडफोनमध्ये गाणं आलं.

दोन आवाज होते. एक वरचा, पातळ, आणि एक मधला. बायकांचे की पोरांचे, सांगता येईना. गाण्याला शब्द नव्हते, आमच्या बऱ्याच जुन्या गाण्यांना नसतातच. हळू, स्वतःपुरतं गात होते, काम करता करता गावं तसं. चौकटीत मात्र कोणी नव्हतं. फरशीवर खिडकीचा उजेड पडला होता आणि तो जागचा हलत नव्हता.

ती वर गेली. गुडघे दुखत होते म्हणून जिन्यात दोनदा थांबली. कॉरिडॉरमध्ये पोचली तर सगळं शांत होतं. गायनाच्या खोलीचं कुलूप जागच्या जागी होतं, हातात घेतलं तर थंडगार. तिनं दाराला कान लावला. काही नाही. स्वतःवरच चिडून ती खाली आली.

सुट्टीत तिनं संगीताच्या एतेरीबाईंना गाठलं आणि विचारलं, पोरींना वर तालमीला पाठवता का. एतेरीबाई हसल्या. म्हणाल्या, कसली तालीम, गाणारी तीन पोरं मिळेनात म्हणून तर शाळेचं मंडळ बंद पडलं. दोन मिळतात, तिसरं मिळत नाही. सगळ्यांना वरच्या पट्टीत गायचं असतं, खालचा आवाज द्यायला कोणी तयार नसतं.

नाझिब्रोलानं मान हलवली आणि जेवणाचा डबा उघडला. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही.

३

बुधवारी पट्टी हलली, गुरुवारीही. बरोबर पावणेबारा वाजता सुरू, सव्वाबाराला बंद. तिनं वर जाणं सोडून दिलं. एखाद्या नळातून, एखाद्या चिमणीतून शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू येत असणार. तसं म्हणून ती रोज ऐकायला लागली, कारण गाणं गोड होतं.

पण त्यात काहीतरी कमी होतं, आणि ते तिला फार जाणवायचं.

ही गोष्ट बाहेरच्या माणसाला कळायची नाही. गुरियात गाणं तीन आवाजांचं असतं. वरचा, मधला आणि खालचा. खालच्याला बानी म्हणतात. बानी म्हणजे गाण्याचं जोतं; ती नसेल तर वरचे दोघं नुसते हवेत लोंबकळत राहतात. नाझिब्रोला गाणाऱ्या घरातली. बाप वरचा आवाज लावायचा, काका मधला, आणि हिचा आवाज लहानपणापासून जाड, म्हणून मुलगी असूनही बानी हिच्याकडे आली. आमच्याकडे रीत अशी, की दोघं जण गात असतील आणि तिसरा नसेल, तर ऐकणाऱ्यानं बानी घालायची. कुंपणापलीकडून घालायची, रस्त्यानं जाताजाता घालायची, अनोळखी असला तरी घालायची. गप्प बसणं म्हणजे दारात आलेल्याला पाणीही न विचारणं. लोक तोंडावर बोलून दाखवत नाहीत, पण लक्षात ठेवतात.

त्या दोघांच्या गाण्यात बानीची जागा रिकामी होती, आणि ते ती जागा सोडून गात होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी जरासं थांबायचे, बरोबर एका श्वासाएवढं. गाणं तिच्या ओळखीचं नव्हतं. बानी कुठं पडणार हे मात्र तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

शुक्रवारी ती मक्याची भाकरी आणि चीज खात होती. तोंडात घास होता, डोळे पाच नंबरच्या चौकटीवर होते, कानात गाणं होतं. ओळ संपत आली, आणि तिच्याही नकळत तिच्या घशातून बानी निघाली. ओठ मिटलेले, नुसता गुणगुणाट. मोजून चार सूर.

वरचे दोन्ही आवाज एकदम थांबले.

नाझिब्रोलाचा घास तोंडातच राहिला. हेडफोनमध्ये कॉरिडॉरची पोकळ शांतता होती. मग ते गाणं पहिल्यापासून सुरू झालं, आधीपेक्षा जरा सावकाश. कोणी नवीन माणूस येऊन बसला की त्याला सोबत घेण्यासाठी गाणारे असंच सावकाश धरतात.

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

४

आता ही बाई काही घाबरट नव्हती. नवरा गेला तेव्हा तिनं एकटीनं सगळं निस्तरलं होतं, आणि भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची ती चारचौघांत टर उडवायची. तिच्या खोलीत आवाज टिपणारा माईक नव्हता, फक्त बोलायचा होता, आणि तो एरवी बंद असायचा. वरच्या मजल्यावरच्या स्पीकरमधून बोलायचं तर लाल बटण दाबावं लागायचं, आणि ते तिनं दाबलं नव्हतं. म्हणजे तिचं गुणगुणणं वर जाणं शक्यच नव्हतं. आवाज थांबले, हा योगायोग. तिनं स्वतःला असं समजावलं आणि शनिवार-रविवार बायाबरोबर अंगण झाडण्यात घालवले.

सोमवारी तिनं शुक्रवारचं रेकॉर्डिंग लावलं. पुढं सरकवत ती जागा शोधली. दोन आवाज, रिकामी जागा, दोन आवाज, रिकामी जागा. मग चार सूर.

ते वर, कॉरिडॉरमध्ये, माईकच्या अगदी जवळून आले होते. आणि आवाज तिचा होता.

स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये परका वाटतो म्हणतात. तिला तो मुळीच परका वाटला नाही. त्यात भाकरीचा घास तोंडात असल्याचंही कळत होतं.

ती रेकॉर्डिंग घेऊन मुख्याध्यापकांकडे गेली. अव्तांदिल चांगले गृहस्थ होते, पण त्यांच्या टेबलावर छताच्या दुरुस्तीचे कागद होते आणि त्या दिवशी जिल्ह्याहून कोणी यायचं होतं. त्यांनी डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि खूश झाले. म्हणाले, "नाझिब्रोला, आवाज अजून काय राखलाय तुम्ही. पण बाई, कामाच्या वेळेत वर जाऊन गाऊ नका. जिल्ह्याच्या लोकांनी ऐकलं तर मलाच बोल लावतील."

तिनं सांगून पाहिलं, की मी वर गेलेच नव्हते. त्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि बातुमीच्या तंत्रज्ञाला फोन लावून दिला. तंत्रज्ञ म्हणाला, तारा जुन्या पाइपातून गेल्यात, एकीचा आवाज दुसरीत उतरतो, होतं असं. किती बरं वाटलं तिला. ती जिना उतरली तेव्हा जवळजवळ हसतच होती, आणि खोलीत पोचल्यावरच तिच्या लक्षात आलं, की आपल्या खोलीतला माईक तर बंदच होता, मग उतरेल कुठून.

५

त्या दिवशी चौथ्या तासाला ती ओठ घट्ट मिटून बसली. हेडफोन लावला. पावणेबाराला दोघं गायला लागले. ओळ संपली. जागा आली.

बानी आली. पूर्ण, भरदार, घशात घास नसलेली. नाझिब्रोलानं आपल्या गळ्यावर हात ठेवून पाहिला. गळा शांत होता. वर तिचा आवाज गात होता आणि इथं ती गप्प बसली होती.

गाणं आता तीन आवाजांचं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर फार सुंदर झालं होतं. तिच्या बापाच्या घरातही इतकं जुळून आलेलं तिला आठवत नव्हतं. याचाच तिला जास्त धसका बसला.

दुसऱ्या दिवशी तिनं अव्तांदिल यांच्याकडून किल्ली मागून घेतली. ते स्वतःही बरोबर आले, कारण छत बघायचंच होतं. कुलूप उघडायला वेळ लागला. आत ओल्या चुन्याचा वास होता. पियानोवर प्लास्टिक टाकलेलं, खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावलेल्या. त्यातल्या तीन मात्र खाली काढलेल्या होत्या. खोलीच्या मध्यभागी, एकमेकींकडे तोंड करून, गाणारे बसतात तशा. दोन्हींवर बोटभर धूळ होती आणि तिसरी लख्ख पुसल्यासारखी स्वच्छ होती.

अव्तांदिल छताकडे बघत होते. बाहेर पडताना त्यांनी त्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं आणि समजुतीनं म्हणाले, की बसायचं असेल तर खाली एतेरीबाईंच्या वर्गात बसा, इथं अंगावर छत पडेल. म्हणजे त्यांच्या लेखी प्रकरण मिटलं होतं. नाझिब्रोलानं दाराला पुन्हा कुलूप लावलं आणि किल्ली आपल्याच खिशात टाकली.

एकदा तिच्या मनात आलं, की नऊ नंबरचा आवाज बंदच करून टाकावा. बटणावर बोटही ठेवलं. मग वाटलं, आपण बंद केल्यानं ते गायचे थोडेच थांबणार आहेत. फक्त आपल्याला कळणार नाही. ऑक्टोबरातल्या पोराचं असंच झालं होतं. तिनं बोट काढून घेतलं.

६

बायाला ती संध्याकाळी राजम्याची उसळ वाढत होती. बाया पाय हलवत बसली होती आणि शाळेतलं सांगत होती; कोणाची पेन्सिल हरवली, कोणी कोणाला ढकललं. मध्येच म्हणाली, "बेबो, आज तू मला हाक मारलीस ना, तेव्हा मास रागावल्या. तासाला हाक मारू नकोस."

मास म्हणजे वर्गातल्या बाई, आणि बेबो म्हणजे आजी. आमच्याकडे नात आजीला बेबो म्हणते आणि आजीही लाडानं नातीला बेबोच म्हणते. आपलंच नातं तिला देऊन टाकते. नाझिब्रोलानं पळी भांड्यात ठेवली आणि विचारलं, कधी हाक मारली मी.

चौथ्या तासाला, बायानं सांगितलं. परवाही मारली होती. वरून, जिन्याच्या वरून. परवा ती जिन्यापर्यंत गेली होती, पण तेवढ्यात वर्गातल्या मास तिला शोधत आल्या. आज तर वर्गातच ऐकू आलं. बाकीच्या पोरांना नाही आलं, पण त्यांचं लक्षच नसतं.

"मी नव्हते ती," नाझिब्रोला म्हणाली.

"तूच होतीस. मी काय तुझा आवाज ओळखत नाही?"

नाझिब्रोलानं तिला दोन्ही खांद्यांना धरलं. सांगितलं, की वर कोणीही हाक मारली तरी जायचं नाही, माझा आवाज असला तरी नाही, मी हाक मारतच नाही, मी खाली असते. पकड जरा जास्तच घट्ट झाली असावी आणि आवाजही चढला असावा. बायाचे डोळे भरून आले. ती खांदे सोडवून घेत म्हणाली, "तू इथं सारखी ओरडतेस. वरची बेबो कधी ओरडत नाही."

त्या रात्री नाझिब्रोला नातीच्या उशाशी बसून राहिली. तिला गाऊन झोपवायची सवय होती. त्या दिवशी तिनं गायलं नाही, आणि पोर भिंतीकडे तोंड करून झोपी गेलं.

७

दोन दिवस तिनं बायाला शेजारणीकडे ठेवलं. शाळेत कळवलं, ताप आहे. त्या दोन दिवसांत चौथ्या तासाला नऊ नंबरची पट्टी हललीच नाही. सगळीकडे शांत. तिसऱ्या दिवशी शेजारीण मुलाकडे कुताइसीला निघाली आणि वर्गशिक्षिकेचा फोन आला, की परीक्षा तोंडावर आहे, पोरीला पाठवा.

लेकीला फोन करून काय सांगणार? की शाळेत माझा आवाज फिरतोय म्हणून? ती बिचारी तिकडं म्हातारीचं अंथरूण बदलता बदलता घाबरून मरेल. नाझिब्रोलानं वर्गशिक्षिकेला गाठून बजावलं, की चौथ्या तासाला बायाला कशालाही सोडायचं नाही, शौचाला जायचं म्हणाली तरी मला कळवायचं. शिक्षिका मनातून वैतागली असणार, पण हो म्हणाली. मग नाझिब्रोलानं पाच नंबर आणि नऊ नंबर शेजारी शेजारी मोठे करून ठेवले आणि सकाळपासून खुर्ची सोडली नाही. किटलीसुद्धा चढवली नाही.

पावणेबारा वाजले. पाच नंबरमध्ये वर्गाचं बंद दार. नऊ नंबरमध्ये गाणं, तीन आवाजांचं. ती घड्याळाकडे बघत बसली. बारा वाजले, बारा पाच झाले. तेवढ्यात फाटकाची घंटा वाजली. पावाची गाडी आली होती. तिनं बटण दाबून फाटक उघडलं, गाडीचा नंबर लिहून घेतला. यात दोन मिनिटंही गेली नसतील.

परत बघते तर वर्गाचं दार उघडं होतं; शिक्षिकेनं काहीच कळवलं नव्हतं. आणि नऊ नंबरमध्ये, खिडकीच्या उजेडात, बाया चालत होती.

८

गाणं थांबलेलं होतं. हेडफोनमध्ये बायाच्या बुटांचा आवाज येत होता, आणि दुसरा, अगदी जवळचा आवाज. नाझिब्रोलाचा. तो म्हणत होता, "ये, बेबो. किती वेळ लावलास."

नाझिब्रोलानं लाल बटण दाबलं. दोन्ही हातांनी दाबून धरलं. "बाया, थांब. वर्गात जा. तिथं मी नाहीये, मी खाली आहे. ऐकतेस ना?"

बाया थांबली. तिनं मान वर करून भिंतीवरच्या स्पीकरकडे बघितलं. स्पीकर जुना होता, त्यातून आवाज फाटका, पत्र्यावर आपटल्यासारखा यायचा. मग तिनं दाराकडे बघितलं, कॅमेऱ्याच्या पोटाखालच्या त्या भागाकडे.

"बेबो," तिनं दाराला विचारलं, "वर कोण बोलतंय?"

"तिकडं लक्ष देऊ नकोस, बेबो," दाराकडून नाझिब्रोलाचा आवाज आला. शांत, प्रेमळ, घाई नसलेला.

नाझिब्रोला धावली. गुडघ्यांचं दुखणं तिला जाणवलंही नाही. पहिला जिना, दुसरा जिना, कठड्याला धरून, धापा टाकत. कॉरिडॉरच्या तोंडाशी पोचली तेव्हा बाया दुसऱ्या टोकाला होती. गायनाच्या खोलीचं दार हातभर उघडं होतं आणि बायाचा हात कडीवर होता. किल्ली नाझिब्रोलाच्या खिशात होती.

"बाया, इकडं ये," ती म्हणाली. धाप लागल्यामुळे आवाज घोगरा निघाला, आणि भीतीमुळे कडक.

बाया दाराला आणखी चिकटली. "जवळ येऊ नकोस," ती म्हणाली. पोर भ्यालं होतं. आपल्याला भ्यालंय, हे कळायला नाझिब्रोलाला क्षणभर वेळ लागला. मधे वीस पावलं होती. आपण धावलो तर ती आत शिरेल, हे तिला स्पष्ट दिसत होतं, म्हणून ती जागच्या जागी उभी राहिली. हात पुढं केले. म्हणाली, मीच आहे ग, बघ ना माझ्याकडे, मी तुझी बेबो.

बायानं तिच्याकडे बघितलं, नीट, पायापासून डोक्यापर्यंत. मग आतल्या अंधाराकडे बघितलं. आठ वर्षांचं पोर, पण शेवटी गाणाऱ्या घरातलंच. तिनं तिच्या अकलेनं एक मार्ग काढला.

"मग बानी घाल," ती म्हणाली.

आत दोन आवाज सुरू झाले, वरचा आणि मधला. इतक्या जवळून ऐकायला नाझिब्रोलाला पहिल्यांदाच मिळत होतं. ओळ पुढं सरकत होती आणि नाझिब्रोला श्वास गोळा करत होती. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती. तरी तिला जागा माहीत होती. आयुष्यभर त्या जागेवर तिचा सूर कधी चुकला नव्हता. आता ओळ संपेल, आता. तिनं तोंड उघडलं. श्वास मधेच तुटला आणि घशातून नुसती खरखर निघाली.

दाराच्या आत बानी पडली. बरोबर जागेवर, भरदार, उबदार. बायाला झोपवताना नाझिब्रोला लावायची तशी.

बायाचा चेहरा एकदम मोकळा झाला. खांदे खाली आले. दाराच्या फटीतून गडद निळ्या गणवेशाची एक बाही पुढं आली आणि त्या बाहीतल्या हातात बायानं आपला हात दिला. ती आत वळली, पण पोर गुणाचं होतं, मोठ्या माणसांना उत्तर दिल्याशिवाय जायचं नाही असं आजीनंच तिला शिकवलं होतं. ती वळून, अनोळखी बाईशी बोलावं तसं, अदबीनं म्हणाली,

"तुम्ही जा खाली. माझी बेबो भेटली मला."